कंबरदुखीची गोळी

मनोविकारतज्ज्ञांबद्दल माझं एक पक्कं मत होतं आणि ते मी गोळ्यांच्या पाकिटाबरोबर फुकट देत असे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं मेडिकल आहे. सत्तावीस वर्षं झाली. आजूबाजूला टॉवेलचे, चादरींचे कारखाने, सायझिंग, डाईंग. पाळी सुटली की भुवयांवर सुताचा पांढरा भुरका घेऊन माणसं काउंटरला येतात. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेली ही माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, माझ्याशीही तशीच. "काका, कंबरेचं द्या", "काका, मुळव्याधीचं द्या", सगळं रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं. एका चिठ्ठीच्या वेळी मात्र आवाज खाली येतो. ती चिठ्ठी चार घड्या घालून आणलेली असते, आणि आणणारा आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढं जाऊ देतो.

त्या चार घड्यांच्या चिठ्ठीचं मी काय करत होतो, ते सांगायला बसलोय.

चिठ्ठी उघडायची, ओलँझापिन नाहीतर लिथियम नाहीतर एस्सिटालोप्राम वाचायचं, चष्म्यावरून माणसाकडं बघायचं आणि म्हणायचं, "किती दिवस सांगितल्यात? जपून हं. सवय लागते ह्यांची. बरं वाटलं की हळूहळू सोडा." डी. फार्मसीला औषधशास्त्राचा पेपर मी पास झालो होतो. ही औषधं एकदम बंद केली तर त्रास होतो, पण दारूसारखी तलफ त्यांची येत नाही, हे मी तेव्हा वाचलं होतं. विसरणं सोयीचं होतं, म्हणून विसरलो.

आणि त्याच काउंटरवरून, त्याच हातानं, मी अल्प्राझोलाम विकत होतो. जिची खरोखर सवय लागते, ती ही गोळी. १ मार्च २०१४ पासून ती 'एच-वन'च्या यादीत आली. त्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव, रोग्याचं नाव, किती गोळ्या दिल्या ते लिहायचं, आणि ते तीन वर्षं जपायचं. माझं रजिस्टर इतकं नीटनेटकं होतं की तपासणाऱ्याला संशय यावा. चिठ्ठी जुनी असली तरी नोंद ताजी. एक विडी वळणारी बाई अकरा वर्षं माझ्याकडून ही गोळी नेत होती. आधी पाव मिलिग्रॅमची, मग अर्ध्याची. मला मामा म्हणते. तिला मी एकदाही म्हणालो नाही की सवय लागेल. ती दर महिन्याला न चुकता यायची ना.

मनोविकारतज्ज्ञांबद्दलचं ते मत असं होतं: डॉक्टरांत मनाचे डॉक्टर नाइलाजाचे, आणि त्यांच्यातही जे औषधांच्याच अभ्यासाला लागलेले असतात ते कंपन्यांचे. मनाचं दुखणं बोलून बरं करायचं सोडून हे लोक माणसाच्या डोक्यात केमिकल ओततात. मनावरच्या औषधांच्या या शास्त्राला सायकोफार्माकॉलॉजी म्हणतात, हे मला एका एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं सांगितलं. कुठल्या परिषदेत कोण डॉक्टर कुठल्या हॉटेलात उतरला, हेही त्यानंच सांगितलं. माझ्या ज्ञानाचा उगम एवढाच. दुपारचा एक चहा, एक एमआर आणि चार किस्से.

तर एक विणकर. पंचवीस-सव्वीसचा, टॉवेलच्या कारखान्यात. आई विडी वळते, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात घर. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, मोबाईलवर हिंदी. काही वर्षांपूर्वी तो चार रात्री झोपला नाही, सारखा बोलत राहिला, हप्ता झाल्या झाल्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना आइस्क्रीम चारलं आणि मालकाला म्हणाला, "शेठ, कारखाना किती देताव बोला." आईनं आधी अक्कलकोटला स्वामींच्या पायावर घातला, मग शहरातल्या मनोविकारतज्ज्ञाकडं नेला. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी अक्कलकोटला जायचं तर जा. गोळी खाऊन जा." लिथियम, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. तीन वर्षं पोरगा बिनघोर माग चालवत होता. तीन वर्षं दर महिन्याला तो माझ्याकडून गोळ्या नेत होता आणि मी माझं पालुपद लावत होतो. एकदा त्याची आई वैतागून म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणताव सोड, डॉक्टर म्हणतेत सोडू नको. आम्ही कुणाचं ऐकावं?"

मी म्हणालो, "मी आपलं सांगायचं काम केलं."

त्या मे महिन्यात पारा ४३ च्या वर होता. वर पत्रा, खाली माग, पंखे फिरतात ते गरम वारा घेऊनच. एका संध्याकाळी पोरगा कंबर धरून आला. मी डायक्लोफेनॅकची स्ट्रीप कापूनही दिली नाही, अख्खी दिली. "दोन टाइम, जेवून." संपल्यावर आणखी एक. दुसऱ्या वेळी हौसेनं बीपीही बघितलं. जरा जास्त लागलं, तर म्हणालो, "मीठ कमी कर."

पंधरवड्यात पोराच्या हाताला कापरं भरलं. मागावर तुटलेला धागा सांधायचा म्हणजे दोन टोकं अंगठा आणि बोटात धरून एक पीळ द्यायचा असतो. चांगला विणकर हे न बघता करतो. ह्याच्या हातात दोन्ही टोकं येईनात. मग चालताना झोकांड्या, जीभ जड, दोन उलट्या. कारखान्यात निदान ताबडतोब झालं: ताडी. सोलापुरात ताडीत क्लोरल हायड्रेट घालून विकतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १८६९ साली जर्मनीत झोपेचं औषध म्हणून पुढं आलेलं ते रसायन, औषधाच्या कपाटातून जवळजवळ हद्दपार झालं आणि आमच्याकडं मडक्यात राहिलं. त्यामुळं इथं कुणी झोकांडी खाल्ली की दुसरं काही सुचतच नाही. मालकानं हिशोब हातावर ठेवला आणि घरी पाठवला.

आई त्याला धरून माझ्याकडं आली. "मामा, हा पीत नाही ओ. वास घेऊन बघा."

मी वास घेतला. नव्हता. आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. शेवटी माझंच खरं ठरलं. त्या लिथियमनंच केलं हे. तीन वर्षं सांगत होतो. मी तिथल्या तिथं, आई आणि दोन गिऱ्हाइकांसमोर, डॉक्टरांना फोन लावला. जाब विचारायला.

"सर, तुमच्या पेशंटची तुमच्या गोळ्यांनी काय अवस्था झालीय बघा."

"हात बारीक थरथरतात की मोठं कापरं आहे?"

"मोठं. उलट्या पण झाल्यात."

"दुखण्याची गोळी काही चालू आहे का त्याला?"

मी गप्प. काउंटरच्या काचेखाली डायक्लोफेनॅकचा डबा उघडाच होता.

"हॅलो?"

"डायक्लो आहे, सर."

"कुणी दिली?"

यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. माझ्या मुलाला आठवतं, तो शेजारी बिल करत होता. मी म्हणालो, "घेतली असेल कुठल्यातरी मेडिकलमधून."

डॉक्टर म्हणाले, "लिथियम बंद. डायक्लो बंद. आत्ता रिक्षात घाला आणि पाठवा."

रक्तातलं लिथियम १.९ आलं. ते ०.६ ते १.० च्या आसपास असावं लागतं, दीडच्या वर गेलं की धोका. त्याचं एरवी ०.८ असायचं. पाच दिवस सलाईन. वाचला. किडनीला धक्का लागला नाही. कापरं जायला मात्र दीड महिना गेला.

आतलं गणित तसं सरळ आहे आणि ते मी परीक्षेत लिहिलंही असणार. लिथियम हा मिठातल्या सोडियमचा जातभाई. शरीर त्याचं काही रूपांतर करत नाही, मूत्रपिंड त्याला जसाच्या तसा बाहेर टाकतं. अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं आणि सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आखडतात, की लिथियम बाहेर पडायची वाट आणखी अरुंद. म्हणजे उन्हानं एक केलं, 'मीठ कमी कर'नं दुसरं आणि माझ्या स्ट्रीपनं तिसरं. तिन्हींपैकी ऊन तेवढं माझं नव्हतं. पॅरासिटामॉल दिलं असतं तर एवढं झालं नसतं. ते डाव्या हाताच्या खणात होतं.

आठव्या दिवशी मी डॉक्टरांकडं गेलो आणि गोळी मीच दिली हे सांगितलं. ते म्हणाले, "अंदाज होता." रागावले नाहीत, त्याचा मला राग आला. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक लांब वही काढली, किराणा दुकानात उधारीला असते तसली. लिथियमवरचे रोगी, तारखा, रक्तातलं प्रमाण, आणि उन्हाळ्याचे महिने लाल शाईत. "पुस्तकात एक ओळ असते, उन्हाळ्यात जपा," ते म्हणाले, "लिहिणाऱ्यानं सोलापूरचा मे बघितलेला नसतो. कोण किती घाम गाळतो, डाईंगला आहे की मागावर, रात्रपाळी आहे की दिवसपाळी, ते मी लिहून ठेवतो." मी विचारलं, ह्याचं पुढं काय करणार? "वेळ मिळाला तर नीट मांडेन." वेळ अजून मिळालेला नाही. बाहेर बाकावर तीस माणसं होती.

मला ती वही बघून लाज वाटली. संशोधन म्हणजे परिषदेतलं हॉटेल, असं मी धरून चाललो होतो. इथं एक माणूस उधारीच्या वहीत घामाचा हिशोब ठेवत होता.

त्यांनी मला काही कागद वाचायला दिले. लिथियमचा इतिहास तर मी एका रात्रीत वाचला. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं उन्मादाच्या दहा रोग्यांना ते दिलं. आधी स्वतः घेऊन बघितलं. गुण आला. आणि पुढच्याच वर्षी, ज्या पहिल्या रोग्याला बरं वाटलं होतं, तोच लिथियमच्या विषबाधेनं गेला. केडनं हात आखडला. मग मेलबर्नमध्ये ट्राउटनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तातलं प्रमाण मोजायला घेतलं, आणि १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स शौनं शिस्तीत चाचणी छापली. शौ जन्मभर त्या एका औषधामागं राहिला. त्याच्या सख्ख्या भावाला पुन्हा पुन्हा नैराश्य यायचं आणि लिथियमनं तो सावरला. कंपनीचा माणूस म्हणायचं तर कुठल्या कंपनीचा? गोळीत असतो तो लिथियमचा साधा क्षार, त्याचं पेटंट कोण घेणार? सत्तावीस वर्षांत माझ्या काउंटरवर एकही एमआर लिथियमची स्तुती करायला आलेला नाही. हे मला इतकी वर्षं दिसत होतं आणि त्याचा अर्थ लावावा असं वाटलं नव्हतं.

जाता जाता एक. त्याच १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. त्या मुळीतलं रेसर्पिन पुढं न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइननं मनोरुग्णांना दिलं, आणि १९५७ चे लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाले त्यांत हे दोघेही होते. आपल्याकडं वेड्यांना सर्पगंधा देणं जुनंच. 'केमिकल, केमिकल' म्हणून नाक मुरडणाऱ्या मला ती मुळी आयुर्वेदाच्या कपाटात ठेवून विकायला कधी लाज वाटली नव्हती.

पण माझं मत ज्यानं खऱ्या अर्थानं मोडलं तो माणूस आपल्यातलाच निघाला. डॉ. दिलीप जेस्ते. पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे, मनोविकारशास्त्र शिकले मुंबईच्या केईएममध्ये, मग अमेरिकेला गेले आणि पुढं सॅन दिएगोच्या विद्यापीठात म्हाताऱ्यांच्या मनोविकारांवर काम करत राहिले. २०१२-१३ साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. तिथलं निदानाचं जाडजूड पुस्तक, डीएसएमची पाचवी आवृत्ती, मे २०१३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत निघालं. एवढं वाचून मी म्हटलं, झालं, मोठा माणूस. मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. या माणसानं तारुण्यातली कित्येक वर्षं घालवली ती औषधांच्या एका दुष्परिणामावर.

आमच्या रस्त्याला एक म्हातारा कामगार होता. निवृत्त झालेला. तोंडात काही नसताना तो सारखं चावत असायचा, ओठ मुडपायचा, जीभ मधेच बाहेर यायची. पोरं नक्कल करायची. मी समजत होतो, तंबाखूची खोड. त्याची चार घड्यांची चिठ्ठी मीच भरत होतो, हॅलोपेरिडॉल, वर्षानुवर्षं, पण ते चावणं आणि ती चिठ्ठी यांची गाठ मी कधी घातली नव्हती. त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. जुन्या मनोविकारविरोधी औषधांनी उशिरा सुरू होणारी ही हालचाल, कधी कधी औषध बंद केलं तरी राहते. जेस्तेंनी रिचर्ड वायट यांच्याबरोबर १९८२ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. १९९५ मध्ये त्यांच्या गटानं २६६ उतारवयातल्या रोग्यांचा पाठपुरावा छापला: एका वर्षात २६ टक्के, दोन वर्षांत ५२, तीन वर्षांत ६० टक्के लोकांना ही हालचाल सुरू होते, असा हिशोब निघाला. म्हाताऱ्यांना डोस कमी द्या, गरज असेल तेवढेच दिवस द्या, हे त्यातून निघालेलं शहाणपण.

मी तो आकडा वाचून बराच वेळ शटर अर्धं ओढून बसलो. औषधाच्या धंद्यातलाच माणूस औषधानं किती जणांचं वाटोळं होतं ते मोजून, छापून, आपल्याच जातभाईंच्या हातात देतो. मी मात्र 'सवय लागेल' म्हणत हवेत बाण मारत होतो, आणि समोरचा म्हातारा चावत होता तो मला दिसत नव्हता. औषधाची भीती मला होती, पण ती आळशी भीती होती. त्यांची भीती मोजमाप करणारी.

असंच बंगळूरच्या निम्हान्समध्ये काम केलेल्या डॉ. चित्तरंजन अंद्रादे यांचं. नैराश्याच्या गोळीबरोबर दुखण्याची गोळी दिली तर रक्तस्राव किती वाढतो, असल्या रोजच्या प्रश्नांवर ते परदेशी मासिकात नेमानं सदर लिहीत आले आहेत. खरं तर माझ्यासारख्या मेडिकलवाल्यानंच वाचायला हवं असलं सदर. माझं इंग्रजी तोकडं. मुलगा वाचून दाखवतो, तोही कंटाळतो.

जेस्ते पुढं शहाणपणाच्या अभ्यासाकडं वळले. इप्सित वाहिया यांच्याबरोबर २००८ मध्ये त्यांनी भगवद्गीतेत शहाणपण कशाला म्हटलंय ते तपासून लेख लिहिला. दुकान उघडताना रोज गीतेचा अध्याय लावणारा मी, पण त्यांनी गीतेतही मोजायचं काढलं. हे मला पूर्ण पटलेलं नाही. मोजून सगळं सापडत असेल असं अजून वाटत नाही.

आणि सगळंच मत बदललं असंही नाही. दोन मिनिटांत सहा गोळ्यांची चिठ्ठी लिहिणारे आहेत, त्या चिठ्ठ्या मी अजूनही भरतो आणि अजूनही चिडतो. हॉटेलांचे किस्से सगळेच खोटे नव्हते. फरक इतकाच की आता मी रोग्याला काही म्हणत नाही. फोन उचलतो आणि डॉक्टरला विचारतो. काही डॉक्टर फोन ठेवून देतात.

कारखान्याच्या मालकाकडं जाऊन मी सांगितलं की ती ताडी नव्हती, माझी गोळी होती. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "तुमच्याकडूनच आमच्या सगळ्या पोरांना गोळ्या जातात की ओ." पोराला परत घेतलं, आधी घड्या घालायला, कापरं गेल्यावर मागावर. त्याच्या आईला सांगणं जड गेलं. तिनं ऐकून घेतलं आणि विड्यांचं सूप मांडीवर ओढलं. पुढचे दोन महिने ती लिथियम दुसऱ्या दुकानातून नेत होती. तिसऱ्या महिन्यात आली. का आली ते मी विचारलं नाही.

अल्प्राझोलामवाल्या बाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "अकरा वर्षं का सांगितलं नाही मामा?" तिची गोळी डॉक्टर आता पावापावानं उतरवताहेत. एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून. मी ब्लेडनं पाव करून पुड्या बांधून देतो. दोनदा तिनं मधेच पुन्हा अर्धी मागितली. एकदा मी दिली.

या मेमध्ये पोरगा पुन्हा कंबर धरून आला. हातात दुसऱ्या दुकानातली स्ट्रीप, तीच डायक्लोफेनॅक. फोडलेली नव्हती. "काका, हे चालतंय का?" मी ती काढून घेतली, डाव्या हाताच्या खणातून पॅरासिटामॉल दिलं, पाणी किती पितोस विचारलं, मीठ सोडू नको म्हणालो, रक्त कधी तपासलं त्याची तारीख चिठ्ठीमागं लिहून घेतली.

चार दिवसांनी आला. "ह्यानं काही होईना काका. पहिली ती भारी होती."

"भारी होतीच," मी म्हणालो. डॉक्टरांना फोन लावला. लाइन बिझी होती. तो बाकड्यावर बसला, कंबरेला हात लावून, आणि मी पुन्हा लावला.